फेस्टीचा अंगठा

मरण मुहूर्त पाहून येत नाही हे खरं. पण फेस्टी मल्कीननं जायला रविवारची पहाट निवडली तेव्हा त्याच्या लेकीच्या मनात पहिला विचार आला तो असा, की बाबांनी जन्मात एक सामना चुकवला नाही आणि आज नेमकं मैदान सोडलं.

श्वास लांबत लांबत गेला, घसा एकदाच वाजला, मग खोलीत समुद्राच्या आवाजाखेरीज काही उरलं नाही. डीलियानं त्याचे डोळे मिटले. बोटांत गुंतलेली जपमाळ सारखी केली. आणि रीतीप्रमाणे खिडकी वीतभर वर सरकवली. जीवाला बाहेर पडायला वाट नको का? थोड्या वेळानं ती पुन्हा लावायची असते, म्हणजे गेलेला जीव मागे फिरत नाही. मग घड्याळाचा लंबक धरून थांबवायचा, मेणबत्ती लावायची, शेजारणींना हाक मारायची. बायका येतात, अंघोळ घालतात, मढ्याचा तपकिरी झगा चढवतात, आणि एकीनं सुरू केलेली जपमाळ दुसरी उचलते. अशा आवाजांच्या लाटेवर माणूस पैलतीराला लागतो. एकट्यानं कुणी मरू नये, आणि मेल्यावर तर एकटं मुळीच असू नये, अशी त्या किनाऱ्यावरची श्रद्धा.

ती शेजारणीला बोलवायला वळली, तर दारात कोल्मन उभा.

कोल्मन तिचा धाकटा भाऊ, किलब्रेहन गावच्या फुटबॉल संघाचा प्रशिक्षक. तो बापाच्या पायाशी गुडघ्यांवर बसला, दोन्ही पावलं पांघरुणावरून धरली, आणि लहान पोरासारखा रडला. मग नाक पुसायच्या आधीच त्यानं विचारलं, "कुणाला सांगितलंस?"

"बाबा आत्ता तर गेले."

"मग सांगू नकोस."

डीलियाला वाटलं, दुःखानं याचं डोकं फिरलं. "काय बोलतोस?"

"दुपारपर्यंत. सामना संपेपर्यंत. हात जोडतो तुझ्यापुढे."

क्लबचा माणूस गेला की सामना पुढे ढकलतात. हे कुठे लिहिलेलं नव्हतं, पण लिहिलेल्यापेक्षा पक्कं होतं. आणि फेस्टी म्हणजे नुसता क्लबचा माणूस नव्हे, क्लबचा खांबच. खेळला, पोरांना शिकवलं, मैदानाचं गवत कापलं, गोलाच्या खांबांना चुना फासला. तो गेला हे कळलं तर काउंटीचं, म्हणजे जिल्ह्याचं, बोर्ड एका फोनवर आजचा सामना रद्द करणार, आणि तोही टोप्या काढून, आदरानं.

"पुढच्या रविवारी खेळा मग," डीलिया म्हणाली.

"कुणाला घेऊन? सॉनी आणि पॅकी उद्याच्या बोटीनं लंडनला चाललेत. मुकादमानं बजावलंय, मंगळवारी कामावर दिसला नाहीत तर तोंड दाखवू नका. त्या दोघांवाचून मधल्या फळीत कुणाला उभं करू? फादरांना?"

गॅवहन बंधू, थोरला सॉनी आणि धाकटा पॅकी, या एका सामन्यासाठी बांधकामावरची रजा मागून आले होते. गावात पोरंच उरली नव्हती. अर्धी बॉस्टनला, अर्धी लंडनला. तिथला फुटबॉल पंधरा-पंधरा जणांचा, चेंडू हातानंही धरायचा; तेवढे जण उभे करताना कोल्मनच्या नाकी नऊ येत. काउंटीतल्या क्लबांच्या तीन पायऱ्या; किलब्रेहन मधल्या पायरीवर, इंटरमीजिएटला. यंदा तळाला राहिलेल्या दोन संघांचा आज निकाल होता. जो हरेल तो खालच्या पायरीवर. आणि समितीनं ठरवूनच टाकलं होतं: खाली गेलो तर क्लब मिटवायचा, जर्सी घडी करून ठेवायच्या, उरलेल्या पोरांनी डोंगरापलीकडच्या ड्रमशिलकडून खेळायचं. आजचा सामना त्या ड्रमशिलशीच होता.

"अंगात प्राण होते तोवर बाबा काय म्हणत होते?" कोल्मन कुजबुजला. "गुरुवारीसुद्धा? 'ड्रमशिलच्या जर्सीत माझा नातू दिसला तर मी कबरीतून उठेन.' म्हणाले की नाही?"

"म्हणाले."

"मग?"

"त्यांच्यासाठी कुणी नमो मारिया म्हणायचं नाही, दिवसभर? कुत्रं मेल्यासारखं?"

"फादरांनी शुक्रवारीच शेवटचं पवित्र तेल लावलंय. देवाघरचं सगळं झालंय, डीलिया. राहिलंय ते आपलं, माणसांचं. ते संध्याकाळी करू."

"आणि काहल?"

काहल डीलियाचा एकुलता एक मुलगा. नवरा गेल्यापासून ती बापाच्या घरी होती, आणि पोरगा आजोबांच्या पायात पायात वाढलेला. आज गोलात तोच उभा राहणार होता.

"त्याला तर मुळीच नको," कोल्मन म्हणाला. "कळलं तर तो खेळेल का?"

माणसाचं मन कसं असतं पाहा. डीलिया देवभोळी बाई. तिनं कधी उपास चुकवला नाही, कुणाच्या मढ्याला पाठ दाखवली नाही. पण बापाच्या शांत चेहऱ्याकडे बघताना तिला वाटलं, हे ओठ हलले असते तर हेच म्हणाले असते. तिनं होकाराची मान हलवली. हलवली आणि त्याच क्षणी तिच्या छातीवर दगड बसला. तो दिवसभर उतरला नाही.

काहल देवळातल्या सकाळच्या पहिल्या मिस्सेहून परतला तेव्हा ती चुलीपाशी डुकराच्या मांसाचे काप तळत होती. आतल्या खोलीचं दार लावलेलं.

"फादरांनी आजोबांसाठी सगळ्या देवळाला प्रार्थना करायला लावली," काहल बूट आपटत म्हणाला. "बरं वाटू दे म्हणून. ती बहिरी नोराबाईसुद्धा मोठ्यानं म्हणत होती. तिची दोन ओळी मागे चालली होती, पण म्हणत होती."

डीलियाच्या डोळ्यांत पाणी आलं. धुराचं निमित्त मिळालं. देवा, ती मनात म्हणाली, त्या सगळ्या प्रार्थना बरं होण्यासाठी होत्या. तू त्या लागतील तिथे लाव.

"आत जातो मी," काहल म्हणाला. त्यानं कोटाच्या खिशातून हातमोजे काढले होते.

ही गोष्ट ती विसरलीच होती. काहल गोलात उभा राहू लागल्यापासून प्रत्येक सामन्याआधी आजोबा उशाशी ठेवलेल्या बाटलीतल्या पवित्र पाण्यात अंगठा बुडवून त्याच्या मोज्यांवर क्रूस काढत आणि म्हणत, "देव पुढे, तू मागे, आणि चेंडू बाहेर." त्याशिवाय पोरगा घराबाहेर पडत नसे.

"झोपलेत," ती म्हणाली. आवाज तिचा तिलाच परका वाटला. "रात्रभर डोळ्याला डोळा नव्हता. आत्ता कुठे शांत झालेत. दे इकडे, मी करून आणते."

"पण जागे होतील का ते तेवढ्यासाठी?"

"तू खा. काप गार होतायत."

ती मोजे घेऊन आत गेली आणि दार लावून घेतलं. पडदा वाऱ्यानं हलत होता. आता काय करायचं? आपणच बोट बुडवून क्रूस काढावा, कुणाला कळणार? पण मग ती दुसरी खोटी गोष्ट झाली असती, आणि एका सकाळी एक खोटं पुष्कळ होतं. ती पलंगापाशी बसली. बापाचा उजवा हात जपमाळेतून हळूच सोडवला. हात गार होता, पण अजून वळत होता. चुन्यानं, दोरखंडानं, चेंडूनं खरखरीत झालेला तो अंगठा तिनं पाण्यात बुडवला, आणि लेकराला पहिलं अक्षर गिरवायला धरावं तसा तो हात धरून एका मोज्यावर क्रूस काढला, मग दुसऱ्यावर.

"देव पुढे," ती म्हणाली, आणि पुढचं तिला बोलवेना.

स्वयंपाकघरात काहलनं मोजे उलटसुलट पाहिले. चामड्यावर ओला क्रूस उमटला होता. "काही म्हणाले?"

"नेहमीचंच."

पोरानं खूश होऊन मोजे खिशात घातले, उरलेला काप तोंडात कोंबला आणि कोल्मनच्या गाडीच्या भोंग्यासरशी पळाला. डीलिया भिंतीला टेकून खाली बसली. आपल्या पोराच्या भोळेपणाला आपणच फसवलं. याची भरपाई कुठल्या जपानं होते?

घटकाभरानं दारापुढे लांब काळी गाडी थांबली. तिला धडकीच भरली. मॅलकी टार्पीची शववाहिका! दोन्ही गावांची मढी तोच उचलायचा. आणि तोच ड्रमशिलच्या क्लबचा अध्यक्ष. सामन्याच्या दिवशी ड्रमशिलच्या जर्सी, चेंडू आणि पाण्याच्या बाटल्या त्याच गाडीतून जात. त्यावरून लोक म्हणत, ड्रमशिल निघतानाच मेलेलं असतं.

मॅलकी दारापाशी आला. सत्तरीचा, वाकड्या नाकाचा. "फेस्टी कसाय?"

"झोपलेत."

त्याची नजर तिच्या खांद्यावरून घराच्या कडेला गेली. ऑक्टोबरचा बोचरा वारा, त्यात पावसाचे शिंतोडे, आणि आजाऱ्याच्या खोलीची खिडकी वीतभर उघडी. पडदा बाहेर फडफडत होता. ती लावायची राहूनच गेली होती. नव्हे, राहून गेली नव्हती. सकाळपासून दोनदा ती तिथवर गेली होती आणि दोन्ही वेळा हात मागे घेतला होता. जपमाळेवाचून, शेजारपाजाराच्या आवाजावाचून त्यांना वाटेला कसं लावू? जाऊन या मैदानावर, मग लावते, असं काहीतरी वेडं तिच्या मनात होतं.

"छातीच्या दुखण्याला असला वारा?" मॅलकी हळू म्हणाला.

"त्यांनाच हवी होती उघडी."

मॅलकीनं पुन्हा एकदा खिडकीकडे पाहिलं. मग त्यानं टोपी काढली. आजारी माणसाची चौकशी करताना कुणी टोपी काढत नाही. ती त्यानं छातीशी धरली, पुन्हा डोक्यावर ठेवली, आणि "संध्याकाळी येतो," एवढंच म्हणून गाडीकडे गेला.

डीलिया दाराच्या चौकटीला धरून उभी राहिली. संपलं सगळं. याला कळलं. आता हा मैदानावर जाऊन पंचांना सांगणार, फेस्टी मल्कीन गेला, दोन्ही संघांनी त्याचा मान राखावा. सगळे माना खाली घालणार. सामना पुढच्या रविवारी, सॉनी-पॅकी लंडनला, ड्रमशिल हसत हसत जिंकणार. आणि मॅलकीला कुणी नाव ठेवणार नाही, उलट म्हणतील किती मोठ्या मनाचा माणूस. आदरानं मारलेला माणूस पाणीही मागत नाही! कोल्मनला कळवावं तर गाड्या कधीच्या निघून गेल्या होत्या.

मग ती जे करू शकत होती ते तिनं केलं. पाणी तापवलं, बापाला एकटीनं अंघोळ घातली, एकटीनं कूस वळवली. एरवी चार बायका लागतात. हनुवटीखालून रुमाल बांधला. पडद्याआड मेणबत्ती लावली. रेडिओ खुर्चीवर ठेवला आणि आवाज इतका बारीक केला की कान लावून बसावं लागे. एका हातात बापाचा हात, दुसऱ्यात जपमाळ.

"संघ मैदानात उतरलेत," रेडिओवरचा माणूस सांगत होता. "थांबा, ड्रमशिलचे अध्यक्ष मॅलकी टार्पी मैदानात चाललेत. पंचांशी काही बोलतायत. काय झालंय कुणास ठाऊक..."

जपमाळेचा मणी तिच्या बोटांत रुतला. पवित्र मारिये, देवाच्या माते. पवित्र मारिये. पुढचे शब्द येईनात. नोराबाईसारखी ती मागेच अडकून राहिली.

"...परतले ते. पंचांनी चेंडू वर फेकला! सामना सुरू!"

तिनं बापाच्या हातावर कपाळ टेकलं. सुटका वाटली नाही. आता तर सगळा भार तिच्यावरच आला होता. थांबवणारं कुणी राहिलं नव्हतं.

किलब्रेहनचे पाय जड होते. ड्रमशिलनं चेंडू आडव्या दांड्यावरून एकामागून एक घालवला, एकेक गुण घेतला, मग एक सरळ जाळ्यात मारला, त्याचे तीन. मध्यंतराला रेडिओवाला म्हणाला, "किलब्रेहनला आज कुणाच्या तरी आशीर्वादाची गरज आहे." डीलिया मृताच्या चेहऱ्याकडे बघून म्हणाली, "ऐकलंत? जा ना हो बाबा. जा, खिडकी उघडी आहे."

दुसऱ्या अर्ध्यात सॉनी गॅवहननं मैदान डोक्यावर घेतलं. उड्या मारून चेंडू धरत होता, खांद्यानं माणसं लोटत होता. पॅकीनं एक गोल मारला. अंतर तुटत तुटत दोघांचे गुण बरोबर झाले. रेडिओवाल्याचा घसा बसला. आणि अगदी शेवटी किलब्रेहनच्या एका दमलेल्या पोरानं ड्रमशिलच्या माणसाला गोलापुढे पाडलं.

पेनल्टी.

"गोलात काहल. एकोणीस वर्षांचं पोर. फेस्टी मल्कीनचा नातू. मोजे कपाळाला लावतोय बघा..."

डीलियानं जपमाळ टाकली. तिनं बापाचा हात दोन्ही हातांत धरला, तोच अंगठा घट्ट मुठीत आवळला. प्रार्थना नाही, शब्द नाही, नुसतं आवळणं.

"मारला! अडवला! अडवला पोरानं! आणि शिट्टी! बरोबरी! बायांनो, बाप्यांनो, बरोबरी! पुढच्या रविवारी पुन्हा सामना!"

काही वेळ तिला अर्थच लागला नाही. मग लागला. पुढच्या रविवारी. म्हणजे सकाळी सांगितलं असतं तर जे झालं असतं, नेमकं तेच. बाप दिवसभर शब्दावाचून पडला, पोराला खोटं सांगितलं, आणि पदरात काय? पुढचा रविवार. तिनं रेडिओ बंद केला. मग तिला रडू फुटलं. सकाळपासून दाबलेलं, ओरडल्यासारखं, बाहेर कुणी ऐकेल याची पर्वा न करता.

सगळ्यांत आधी मॅलकीच आला, काळा कोट घालून, टोपी हातात घेऊन. त्यानं पलंगापाशी गुडघे टेकले, क्रूस केला.

"सकाळीच कळलं तुला," डीलिया म्हणाली.

"पोरी, चाळीस वर्षं मढी उचलतोय. उघडी खिडकी मला लांबून दिसते."

"मग पंचांना काय सांगितलंस?"

मॅलकी उठला. गुडघे वाजले. "खरं सांगू? सांगायलाच गेलो होतो. तोंडसुद्धा उघडलं होतं. तेवढ्यात तुझं पोरगं दिसलं, मोजे कपाळाला लावताना. म्हटलं, याला हे माझ्या तोंडून कळू नये. मग पंचाला विचारलं, घड्याळाला किल्ली दिलीस का. तो म्हणाला, गप बस म्हाताऱ्या." त्यानं आपल्या वाकड्या नाकाला हात लावला. "हे फेस्टीनं मोडलेलं. त्याच्या मरणाच्या आडून जिंकलो असतो, तर वर गेल्यावर त्यानं सरळ करायच्या बहाण्यानं पुन्हा मोडलं असतं."

बाहेर गाड्या थांबल्या. कोल्मननं वाटेत सांगितलं असावं, कारण माणसं बोलत नव्हती. आधी कोल्मन आत आला, त्याच्यामागे सॉनी गॅवहन. गुडघ्यापासून रक्त ओघळलेलं, तसाच चिखलानं माखलेला. त्यानं फेस्टीच्या कपाळाला हात लावला.

"दफन कधी?"

"मंगळवारी," मॅलकी म्हणाला.

"खांद्याला मी आणि पॅकी पुढे."

कोल्मन चमकला. "उद्याची बोट आहे ना तुमची?"

सॉनीनं त्याच्याकडे असं पाहिलं, जणू तो दारू प्यायलाय. "फेस्टीला खांदा दिल्याशिवाय बोट? अरे, माझ्या पायात पहिले बूट यांनी घातले. मुकादम गेला खड्ड्यात. आणि मंगळवार चुकलाच, तर मग रविवारपर्यंत थांबायला काय हरकत? हाकलणार ते एकदाच हाकलणार."

कोल्मनचा चेहरा पांढराफटक पडला. डीलियाकडे बघायची त्याची छाती होईना. सकाळी त्या पोरांना एक शब्द विचारला असता, तर ती थांबलीच असती. ज्याच्या भीतीनं मरण लपवलं, त्याच मरणानं ती दोघं थांबणार होती. आपलीच माणसं, आपल्याच मातीतली, आणि आपणच त्यांना ओळखलं नाही. देवाला तर नाहीच नाही.

काहल सगळ्यांच्या मागे, दारात होता. मोजे अजून हातात.

"कधी गेले?"

"पहाटे," डीलिया म्हणाली.

"मी खात होतो तेव्हा..."

"हो."

त्यानं मोज्यांकडे पाहिलं. "तू म्हणालीस, त्यांनी काढला."

"हात त्यांचाच होता, बाळा. धरला मी."

तिला वाटलं, आता हा मोजे भिरकावेल, ओरडेल. ओरडला असता तर बरं झालं असतं. पण तो पलंगाला वळसा घालून आजोबांच्या उजव्या हातापाशी गेला आणि तो अंगठा बराच वेळ बघत राहिला, जणू त्यावर काही लिहिलंय. त्याचे खांदे हलायला लागले. ती पुढे झाली, तर त्यानं हातानंच थांबवलं.

"आत्ता नको, आई."

ती थांबली. हेही भोगायचंच होतं.

शेजारणी आल्या. नोराबाई पलंगाच्या पायथ्याशी गुडघे टेकून बसली आणि कुणाची वाट न बघता तिनं मोठ्यानं सुरू केलं, "नमो मारिया, कृपापूर्णे..." एकेक आवाज त्यात मिसळत गेला. सॉनीचा चिरका, मॅलकीचा घोगरा, मग कोल्मनचा अडखळता. दिवसभर मुकी असलेली ती खोली भरून आली.

काहलचा आवाज त्यात नव्हता. तो उठला, खिडकीपाशी गेला. बाहेर समुद्रावर अंधार उतरत होता. त्यानं मोजे चौकटीवर ठेवले, दोन्ही हात दांडीवर ठेवले, क्षणभर थांबला. मग ओठांतल्या ओठांत म्हणाला, "देव पुढे, आजोबा."

आणि त्यानं खिडकी खाली ओढली.